उभं राहणंच जड गेलं

वारीत तरडगावच्या मुक्कामी पहाटे साडेतीनला कुणीतरी "टँकर आला!" म्हणून ओरडलं. मी ताडकन उठलो, बादली उचलली आणि तीन पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी. भानावर आलो तो चिखलात. दोघा माउलींनी मायेनं उठवून बसवलं, तर पुन्हा डोळे फिरले.

पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर, मध्ये दिवे घाट. तेव्हा काही झालं नाही. मग नुसतं उठल्यावर का?

फिरत्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निजवून बीपी घेतलं, वरचं 126. उभं करून दोन मिनिटांनी घेतलं, 98. म्हणाल्या, उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमनीत दाब जोखणारे पहारेकरी असतात. त्यांनी वर्दी दिली की मेंदू ठोके वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. उठल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा 20नं किंवा खालचा 10नं उतरला, तर हे काम कुठंतरी कमी पडतंय. माझं वय 61, गोळीत लघवी वाढवणारं औषध, वर घाम. त्यात वाटेत आडोसा शोधावा लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचो, हा शहाणपणा माझा.

"पडलात तेच बरं झालं. आडवं झालं की रक्त डोक्याकडे परततं. अशाला बसवायचं नाही, निजवून पाय वर करायचे." गोळीचं त्यांनी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवलं.

चालताना पोटऱ्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. म्हणजे माझी खरी परीक्षा चालीत नव्हती, मुक्कामावरच्या समाजआरतीत होती. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एकदम गप्प; मग हरवल्या-सापडल्याची यादी संपेपर्यंत जागच्या जागी उभं. तिथं मी टाचा वरखाली करू लागलो. पहाटे आधी उठून बसायचं, पावलं हलवायची, मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, मगच बादली. टँकर दोनदा चुकला.

पंढरपुरात दर्शनबारीत तासन्‌तास माझं टाचांचं चाललेलंच. मागच्या आजी बघत होत्या.

"माउली, अठ्ठावीस युगं उभाय त्यो, आन् तुमाला दोन तास निघंना व्हय?"

मग त्याही टाचा उचलू लागल्या.