फिल्टर हाउसचं छत बदलताना: माझा अनुभव

छोट्या नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आमच्या जलशुद्धीकरण केंद्राचं छत बदललं आणि त्यासाठी शहराचं पाणी एक दिवसही बंद ठेवलं नाही. याचा मला अभिमान आहे. पण तांत्रिक मान्यतेत, म्हणजे सरकारी अभियंत्यांकडून अंदाजपत्रक तपासून मंजूर करून घेण्यात जो वेळ गेला, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

फिल्टर हाउसवर, म्हणजे पाणी गाळण्याचे हौद असलेल्या इमारतीवर, जुने अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे होते, खाली लोखंडी कैच्या (छताचे त्रिकोणी सांगाडे) आणि पर्लिन (पत्रे ज्यावर बसतात ते आडवे दांडे). तिथली हवा कायम दमट, त्यात क्लोरीनचा अंश. ओलाव्यात क्लोरीन मिसळलं की आम्ल तयार होतं आणि ते लोखंड खातं. पर्लिनला हात लावला की पापुद्रे निघायचे. पावसाळ्यात गळती थेट फिल्टर बेडवर (पाणी गाळणाऱ्या वाळूच्या थरावर) आणि विजेच्या पॅनलवर व्हायची, कबुतरांची घाणही पाण्यात पडायची.

स्ट्रक्चरल ऑडिट झालं, सभेत ठराव झाला. फाईल अडली ती तांत्रिक मान्यतेला. एका कार्यालयाने सांगितलं, हे छताचं काम आहे, म्हणजे इमारतीचं; आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, केंद्र पाणीपुरवठ्याचं आहे, तिकडेच जा. दोघांचंही म्हणणं तोंडी! लेखी द्या म्हटलं की साहेब दौऱ्यावर. शेवटी एकाने फाईल ठेवून घेतली, तर शेरा आला की पत्र्याच्या बाबी एका दरसूचीतल्या (कामांच्या सरकारी दरांच्या यादीतल्या) आणि बेड झाकण्याच्या, पाइप हलवण्याच्या बाबी दुसरीतल्या, एकाच अंदाजपत्रकात का? दोन अंदाजपत्रकं केली असती, तर कामाचे तुकडे पाडल्याचा आक्षेप ठरलेलाच. हे चालू असताना नवी दरसूची लागू झाली आणि सगळे दर पुन्हा बदलावे लागले. मार्च जवळ येत होता, निधी परत जायची टांगती तलवार होती, आणि जूनच्या आधी छत झालं नाही तर आणखी एक पावसाळा त्याच गळतीत काढायचा होता.

फाईल सुटली ती स्थळपाहणीमुळे. पाहणीची विनंती लेखी करा आणि आवक क्रमांक घ्या. उपअभियंता आले, गंजलेल्या कैचीखाली उभे राहिले आणि त्यांनी पाहणी अहवालात स्पष्ट लिहिलं की छत हा शुद्धीकरण प्रक्रियेच्या संरक्षणाचा भाग आहे. त्या एका वाक्यावर मान्यता मिळाली. म्हणून अंदाजपत्रकाच्या टिपणीत हे कारण पहिल्याच परिच्छेदात लिहा, तारखेसह फोटो जोडा. दरसूचीत नसलेल्या बाबींसाठी तीन दरपत्रकं आणि दरपृथक्करण (दर कसा निघाला त्याचा हिशेब) आधीच तयार ठेवा.

आणखी एक, जुन्या पत्र्यांची विल्हेवाट ही अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धराच. नाहीतर ठेकेदार ते विकतो, किंवा लोक गोठ्यासाठी मागायला येतात. कोणालाही देऊ नका. पत्रे फोडायचे नाहीत. पाणी मारून, नट सोडवून अख्खे उतरवायचे, मजुरांना चांगले मास्क द्यायचे. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत. जवळ पडेल तिथे आधी पत्रव्यवहार करा.

निविदेनंतरचं काम भराभर झालं. अर्धे फिल्टर चालू, अर्धे बंद, बंद बेडवर फळ्या आणि ताडपत्री. टोनर, म्हणजे क्लोरीनची मोठी सिलिंडरं, ठेवतो त्या खोलीपासून लांब, अंगणातच वेल्डिंग. नवे पत्रे रंगीत गॅल्व्हल्यूमचे (अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेले पोलादी), पर्लिनला इपॉक्सी रंग. स्क्रू गंजरोधकच मागा, साधे लवकर गंजतात. ताडपत्री काढल्यावर वाळूवर पडलेले तुकडे माणूस उतरवून हाताने वेचून घेतले, मग बॅकवॉश केला, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून वाळू धुतली. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आल्याशिवाय एकही बेड लाइनवर घेतला नाही.