ई-माउंटन बाइक आपटल्यावर तपासणी कशी करावी

साध्या सायकलवरून पडलेला माणूस उठतो, हँडल सरळ करतो, चाक फिरवून बघतो आणि निघतो. ई-माउंटन बाइकच्या बाबतीत हे करू नका. बावीस ते पंचवीस किलोचं धूड दगडावर आपटलेलं असतं आणि त्यातला सर्वात धोकादायक भाग बाहेरून दिसतच नाही. "चालू होतेय ना बघू" म्हणून बटण दाबायचा मोह आवरा. चालू असेल तर बंद करा आणि बॅटरी काढता येत असेल तर काढा.

तपासणी बॅटरीपासूनच सुरू करायची. 36 व्होल्टच्या बॅटरीत सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात, 48 व्होल्टच्या बॅटरीत तेरा. प्रत्येक सेलच्या आत दोन पत्र्यांमध्ये एक पातळ पडदा असतो. आपटल्यावर तो पडदा दुखावला, की शॉर्ट लगेच होईलच असं नाही. काही तासांनी होऊ शकतो, नाहीतर पुढच्या चार्जिंगला. म्हणून पडल्यानंतर लगेच बॅटरी ठीक दिसली, तरी त्यावर विसंबू नका. कव्हरला चीर आहे का, कुठे फुगवटा आलाय का, लॉक वाकलंय का, पिन काळ्या पडल्यात का, हे बघा. गोडसर, थिनरसारखा वास येतोय का तेही बघा. कानाजवळ धरून हलकेच हलवा, आतून खुळखुळ ऐकू आली तर ती बॅटरी पुन्हा बसवायची नाही.

शंका असेल तर बॅटरी घराबाहेर उघड्या फरशीवर ठेवा. पलंगाखाली, जिन्यात किंवा गाडीच्या डिकीत नको. किमान चोवीस तास चार्जरला लावू नका आणि अधूनमधून हात जवळ नेऊन गरम होतेय का ते पाहा. पिनांवर थेट व्होल्टेज मिळत असेल, तर मल्टिमीटरने मोजून आकडा लिहून ठेवा. 36 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर 42 दाखवते. नुसती पडून असलेली बॅटरी एका रात्रीत अर्धा-एक व्होल्ट खाली आली, तर आतला एखादा गट गळतोय असं समजा. अशी बॅटरी कुरिअरने पाठवू नका, विमानात तर नेताच येत नाही. धूर दिसला, की लांब व्हा आणि 101 ला फोन करा.

आता फ्रेम. आधी ओल्या फडक्याने माती पुसून घ्या, कारण मातीखाली चीर लपते. समोरून धडक बसली असेल, तर हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) मागे, डाउन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या अंगाला बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती लागली, तर धातू दबलाय. बॅटरी आत बसण्यासाठी याच नळीत मोठी खाच कापलेली असते. त्या खाचेचे कोपरे टॉर्च मारून बघा, ताण तिथेच साठतो. मोटर जिथे बोल्टने बसते ते कानही बघा.

अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तडा दिसला, की कुणीतरी "आर्गॉन वेल्डिंग मारून घे" असं सुचवतंच. ऐकू नका. फ्रेमचा 6061 हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू टी-6 नावाच्या उष्णता-प्रक्रियेने कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो. ती ताकद परत आणायची तर अख्खी फ्रेम 530 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून, झटकन थंड करून, पुन्हा भट्टीत मुरवावी लागते. ते गॅरेजचं काम नव्हे. कार्बनची फ्रेम असेल तर नाण्याने टिचकी मारत जा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला, तर थर आतून सुटलेत.

फोर्कमधली, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या शॉकमधली हवा काढून तो पूर्ण दाबा. मध्ये कुठे अडकला तर पाय वाकलेत. चकचकीत नळ्यांवर नखाला लागणारा ओरखडा असेल, तर सील कापत जाईल आणि तेल येईल. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या सांध्यात, खट्ट झालं, तर बेअरिंग बघायला हवं.

हँडलबारसाठी स्टेमची (बार फोर्कला धरून ठेवणाऱ्या तुकड्याची) पुढची प्लेट उघडायला कंटाळू नका. बार मोडतो तो बहुतेकदा प्लेटच्या कडेलगत, म्हणजे झाकलेल्या जागी. अ‍ॅल्युमिनियमचा बार वाकला असेल, तर सरळ करू नका, बदला. परत बसवताना स्टेमवर छापलेला टॉर्कच (आवळण्याचा जोर) द्या, तो साधारण 5 न्यूटन-मीटर असतो. ब्रेकच्या लिव्हरचा क्लॅम्प मात्र जोर लावल्यावर फिरेल इतपतच आवळा. पुढच्या वेळी लिव्हर मोडण्याऐवजी फिरेल.

चाकाची डगमग (आउट), ब्रेकच्या डिस्कचं घासणं हे डोळ्यांना आणि कानांना कळतंच. शिमानोची डिस्क 1.5 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर सरळ करत बसू नका. खरी गफलत होते ती डिरेलरच्या (चेन गिअरवरून सरकवणाऱ्या मागच्या यंत्रणेच्या) हँगरमध्ये, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीत. मागून बघितल्यावर डिरेलर चाकाकडे झुकलेला दिसला, तर सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाकूच नका. साध्या सायकलवर पाय थांबवता येतो. इथे 85 न्यूटन-मीटरची मोटर डिरेलर थेट स्पोकमध्ये ओढते, आणि मग हँगरबरोबर चेन, स्पोक आणि डिरेलर असा सगळाच खर्च निघतो.

हब मोटरच्या, म्हणजे चाकाच्या मध्यातच मोटर असलेल्या सायकलींवर, आपल्याकडे त्याच जास्त, अ‍ॅक्सलमधून बाहेर येणारी केबल बघा. त्या बाजूला सायकल पडली, की केबल दगडावर चेपते. मोटरचा कनेक्टर काढून चाक उचला आणि उलटं फिरवा. थोडा विरोध नेहमीचाच असतो. बरंच जड, गचके देत फिरलं, तर मोटरला वीज देणाऱ्या आतल्या फेज वायरी एकमेकींना टेकल्यात. काढल्यावर मोकळं आणि जोडल्यावर जड असेल, तर मोटर चालवणारा कंट्रोलर गेलाय. कनेक्टर परत लावताना बाण जुळवा, नाहीतर बारीक पिन वाकतात. मोटर अजिबातच फिरत नसेल, तर आधी ब्रेक लिव्हरमधला कट-ऑफ स्विच (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा) तपासा. लिव्हर वाकून अर्धवट दाबलेली राहिली, तर मोटर बंदच राहणार.

मधल्या, म्हणजे पेडलजवळच्या मोटरवर बॉशचा डिस्प्ले 503 हा एरर दाखवत असेल, तर बहुधा स्पोकवरचं लोहचुंबक सरकलंय. वेग मोजणाऱ्या सेन्सरपासून ते 5 ते 17 मिलिमीटरवर हवं. शिमानोवर डब्ल्यू-013 हा इशारा आला, तर पेडलवरून पाय काढून सिस्टिम पुन्हा चालू करा, चालू करताना पेडलवर भार असला तर टॉर्क सेन्सर (पेडलवरचा जोर मोजणारा) नीट सेट होत नाही. मोटरचं कव्हर तडकलं असेल, तर पाणी लागायच्या आत ते बदला. मोटर मात्र स्वतः उघडू नका, वॉरंटी जाते.

सगळं पार पडल्यावर आधी मोटर बंद ठेवून सपाट रस्त्यावर ब्रेक आणि गिअर बघा, मग मोटरची सर्वात कमी मदत (असिस्ट) लावून. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर स्पोक आणि स्टेमचे बोल्ट पुन्हा तपासा, आणि फ्रेमवर रंगाला पडलेल्या प्रत्येक ओरखड्याच्या टोकाशी मार्करने खूण करा. ओरखडा खुणेच्या पुढे सरकला, तर ती चीर आहे, आणि ती सायकल तिथेच थांबवायची.