भिंतीपलीकडची पट्टी

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर बाग व्हायची होती. माझ्याकडे मातीतलं शिसं मोजायचं काम होतं. पद्धत ठरलेली असते: जागेवर चौकटी आखायच्या, एकेका चौकटीतले चार-पाच नमुने एकत्र कालवून एकच आकडा काढायचा. खर्च वाचतो, पण एका टोकाला साठलेलं विष बाकीच्या स्वच्छ मातीत मिसळून कागदावरून नाहीसं होतं.

सकाळी वस्तीतल्या एक आजी नकाशा बघायला आल्या. त्या कारखान्यात काम केलेल्या. म्हणाल्या, "मागच्या भिंतीपलीकडे खुणा कशा नाहीत? राख तिथंच तर ओतायचो आम्ही."

ती पट्टी कारखान्याच्या मालकीची नव्हती, म्हणून नकाशातच नव्हती. प्रदूषणाची हद्द मालकीहक्कावरून ठरवायची ही रीत मला आजही अन्यायाची वाटते. आजींनी बोट दाखवलं तिथं हातातलं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मातीतले धातू जागेवरच मोजणारं) टेकवलं. आवारात आकडे साधारण होते. इथे दोन हजार पीपीएमच्या, म्हणजे मातीच्या दहा लाख भागांत शिशाच्या दोन हजार भागांच्या, वर गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२४ मध्ये निवासी मातीसाठी तपासणीची पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर आणली, यावरून अंदाज यावा. शिसं कुजत नाही, विरत नाही. ते वरच्या थरात राहतं, मुलांच्या हातांतून तोंडात जातं, आणि रक्तातली त्याची कोणतीच पातळी सुरक्षित मानली जात नाही. त्याच पट्टीवर मुलं खेळत होती.

संध्याकाळच्या सभेत पट्टीची सफाई लगेच मंजूर झाली. मग एका भाडेकरूनं विचारलं, "माती स्वच्छ झाली, बाग झाली की भाडं वाढणार. तेव्हा आम्ही कुठं जायचं?"

मी बोस्टनच्या डडली स्ट्रीटबद्दल सांगितलं. तिथं ओसाड भूखंडांवर बेकायदा कचरा टाकला जायचा. रहिवाशांनी १९८४ मध्ये संघटना उभी केली आणि १९८८ मध्ये शहराकडून पडीक जमिनी सक्तीनं संपादन करण्याचा अधिकार मिळवला. जमीन सामुदायिक न्यासाकडे, म्हणजे ती न विकता रहिवाशांच्या वतीनं सांभाळणाऱ्या संस्थेकडे, ठेवली, त्यामुळे तिच्यावरची घरं परवडणारी राहिली.

अधिकारी म्हणाले, हे आमच्या अखत्यारीत नाही. आजींनी मागणी इतिवृत्तात लिहायला लावली: बागेआधी न्यासाचा निर्णय. मीही अहवालात ती पहिल्या पानावर घेतली. मातीच्या आकड्यांच्या आधी.