सात रस्ता, संध्याकाळ

आज सोलापुरात सात रस्त्याला पुन्हा तेच झालं. हात हॉर्नपर्यंत गेला आणि तिथंच थबकला. समोरचा टेम्पो हलेना, मागून रिक्षावाला ओरडतोय, "का बे, हॉर्न बिघडलाय का?" बिघडलेला नाही. काठमांडूहून येऊन तीन आठवडे झाले, ती पोरगी काही डोळ्यांपुढून जात नाही.

चूक माझीच, कबूल. पण त्या दिवशी माझी अवस्था काय होती, तेही कुणी विचारावं ना. मुगलिंगपासून ट्रकांच्या धुरात रांगत आलो, नागढुंगाचा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काढला, मान आखडलेली. शेजारी दादा सुनौलीच्या सीमेवर घेतलेली भन्सारची, म्हणजे तिथल्या जकातीची, पावती दहा वेळा उघडतोय, दहा वेळा घडी घालतोय. मागं सगळ्या बायका गाढ झोपेत. एकीनंही चहाला थांबू या का म्हणून विचारलं नाही.

खाली उतरून काठमांडूच्या तोंडाशी कलंकी चौकात पोचलो आणि गाडी रुतलीच. मायक्रोबस रस्त्याच्या मधोमध उभी, तिच्या दारात लोंबकळणारा पोरगा पत्रा बडवतोय, आणि दुचाक्या तर फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडावी तशा मिळेल त्या फटीतून येतायत. गर्दीचं मला नवल नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पार्क चौकातून गाडी काढलेला माणूस आहे मी. म्हणून इथं जे करतो तेच तिथं केलं. तळहात दाबला, आणि दाबूनच धरला.

समोरच्या मोटारसायकलची पाटी वाचत होतो. लाल पाटी, पांढरी अक्षरं, आणि आकड्यांसकट सगळं देवनागरीत. परक्या देशात नंबरप्लेट वाचता येते याचंच कौतुक चाललेलं. त्या पाटीच्या वर शाळेच्या गणवेशातली सात-आठ वर्षांची पोरगी बसलेली. तिनं दोन्ही कानांत बोटं घातली आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पाहुणा चपला घालून थेट स्वयंपाकघरात शिरला, की घरातलं पोर काही न बोलता त्याच्या पायांकडं बघतं ना, तसं.

तेव्हा कुठं कळलं, एवढ्या कोंडीत आवाज फक्त इंजिनांचा होता. आणि माझा. कुणीच वाजवत नव्हतं असं नाही, पण असं पाय रोवून कुणी नाही. काठमांडू खोऱ्यात विनाकारण हॉर्न वाजवायला २०१७ पासून बंदी आहे. त्यांच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, १४ एप्रिलला सुरू केली. आपण पाडव्याला तंबाखू सोडतो आणि पंचमीला पुडी परत खिशात.

वाहतूक पोलीस आला. एमएच १३ वाचलं, काचेशी वाकला. "दाइ, हर्न नबजाउनुस् है." एवढंच. लगेच वळून हातानं गाड्या सोडवायला लागला.

तेच लागलंय मला. पावती फाडली असती तर मनातल्या मनात चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. आपल्या शंभराचे तिथं एकशे साठ होतात. दंडाचे रुपये मोजले की हिशेब संपला. नियम माहीत नव्हता, हेही स्वतःला सांगून पाहिलं. पण पोरीनं कुठं नियम काढला होता? तिला नुसता आवाज सोसला नाही. मग इथं किती जणांना सोसत नसेल, आणि ते मान वळवत नसतील.

पशुपतिनाथाच्या पायऱ्यांवर आईची... जाऊ दे, ते आज नको.

दादानं तर गल्लीभर केलंय, "साहेबांनी काठमांडूत भोंगा वाजवला!" आधी चिडायचो. परवा चावडीवर मीच सांगितलं, पोलिसाची नक्कल करून. पोरीचं तेवढं गाळलं.

तर आज. मागं रिक्षा, तिच्यामागं सिटी बस, आणि मागच्या सीटवर मांडीवर दुधाचं पातेलं धरून बसलेली काकू. "वाजव की रे एकदा, दूध नासंल." वाजवला. एवढुसा, शिंक दाबल्यासारखा. टेम्पोवाला हलला नाही. पुढच्या बुलेटवाल्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याचंही जरा वाईटच वाटलं.