आमची वाटचाल : आधी कलाकाराचे पैसे, मग आमचे

कलाकारांना कामं मिळवून देणारी ही एजन्सी सुरू केली तेव्हा आमच्याकडे दोन खुर्च्या, एक फोन आणि सहा नवोदित कलाकारांचे फोटो होते. त्याआधी मी एका कास्टिंग ऑफिसात ऑडिशनच्या याद्या सांभाळायचे. तिथे एक गोष्ट रोज खटकायची. भूमिकांसाठी कलाकार निवडणाऱ्या कास्टिंग डायरेक्टरचे पैसे निर्माता देतो, कलाकारानं त्याला काहीच द्यायचं नसतं. एजंट मात्र कलाकाराच्या बाजूनं बोलणारा माणूस. हा साधा फरक मुलांना कुणी सांगितलेलाच नसायचा आणि नेमक्या त्याच जागी त्यांची फसवणूक व्हायची.

पहिल्याच वर्षी एक मुलगी आईला घेऊन आली. पर्समधून तिनं चार घड्या घातलेली पावती काढली. नोंदणी, पोर्टफोलिओ, वर्कशॉप अशा एकाखाली एक तीन रकमा, आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही'. आठ महिन्यांत तिला एकाही ऑडिशनचा निरोप आला नव्हता. आईनं विचारलं, "तुमची फी किती?" म्हटलं, "आज काहीच नाही. काम मिळालं, पैसे हिच्या खात्यात जमा झाले, की त्यातले 10 टक्के आमचे." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकदा पोळलेल्या माणसाला असं काही ऐकून संशयच येतो. मी कराराची प्रत हातात दिली आणि घरी नेऊन, कुणाला तरी दाखवून, मगच सही करा म्हणून सांगितलं. आठवड्यानं त्या सही करून परत आल्या.

हा नियम आम्ही शोधून काढलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये कलाकाराचं प्रतिनिधित्व करण्यासाठी आगाऊ पैसे घ्यायला 2010 पासून कायद्यानं बंदी आहे. तिथल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेच्या नियमांत एजंटचं कमिशन 10 टक्क्यांवर जात नाही. आमचा करार लिहिताना हेच नमुने समोर ठेवले होते.

नियम पाळणं मात्र जड गेलं. शूटिंग आज झालं तरी मानधन हातात यायला 60 ते 90 दिवस सहज लागतात, आणि कलाकाराला मिळाल्याशिवाय आम्हाला काही मिळत नाही. पहिली दोन वर्षं मी रात्री भाषांतरं करून ऑफिसचं भाडं भरलं. त्याच काळात एक फोटोग्राफर म्हणाला, मुलं माझ्याकडे पाठवा, प्रत्येकामागे तुमचा वाटा देतो. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण फोटोंवर घर चालायला लागलं की एजन्सीला कलाकाराला काम मिळवून देण्याची निकड उरत नाही. नाही म्हटलं.

कमिशन नेमकं कशाचं, असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना जाहिरातीचा एक किस्सा सांगते. आमच्या एका मुलाची जाहिरात करारानुसार वर्षभरच दाखवायची होती. तेराव्या महिन्यात ती त्याच्या मावशीला टीव्हीवर दिसली. आम्ही करारातलं वापराच्या मुदतीचं कलम काढून कंपनीला पाठवलं आणि तीन आठवडे पाठपुरावा केला. शेवटी नूतनीकरणाचे पैसे मिळाले. तो एकटा असता तर ते कलम त्यानं वाचलंही नसतं.

आमच्याकडे यायला ओळख लागत नाही. मेकअपचा थर नसलेले दोन ताजे हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचे जवळून काढलेले फोटो, उंची, वय, येणाऱ्या भाषा आणि मिनिटभराची सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड केलेला अभिनयाचा व्हिडिओ, एवढं पुरतं. मागे साधी भिंत, उजेड चेहऱ्यावर, आवाज स्वच्छ. कॅमेरा फोनचा असला तरी चालतो. टेपमध्ये मी सर्वांत आधी बघते ते हे, की समोरचा बोलत असताना हा ऐकतोय की आपल्या वाक्याची वाट बघतोय. त्याच वयाची, त्याच धाटणीची तिघं आमच्याकडे आधीच असतील तर चौथ्याला घेत नाही, आणि कारण त्याला सरळ सांगतो. अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत पालकांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

आज आम्ही तिघं आहोत आणि कलाकार चौतीस. ती मुलगी त्यांत आहे. नवे अर्ज सोमवारी आणि गुरुवारी उघडतो. उत्तर दोन आठवड्यांत जातं, नकार असला तरीही.