पाय धुण्याचं काम

दर रविवारी नगरहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. माझ्याकडं सकाळ असते, तिकडं संध्याकाळ, ती उपासना, जेवण, दुपारची झोप सगळं उरकून चहा घेऊन बसलेली असते आणि तिचे दोन प्रश्न ठरलेले, "आज जाणारेस ना गं मंडळीत?" म्हणजे चर्चला, आणि "मागच्या रविवारी पाळकसाहेब काय बोलले?" पहिल्याचं उत्तर सोपंय. दुसऱ्याला मी बरेचदा अडखळते, कारण इथं कॅनडात येऊन तीन वर्षांत मी विश्वासाबद्दल जे काही शिकले ते उपदेशातून फारच थोडं, बाकी सगळं बेडपॅन, टॉवेल आणि कोमट पाण्याच्या टबाभोवतीच शिकले. तेच आज लिहायचंय, जरा लांबेल.

मी राहते किचनरला, टोरंटोपासून साधारण तासाभरावर. या गावाचं नाव 1916 पर्यंत बर्लिन होतं, इतकी जर्मन बोलणारी वस्ती. त्यातले पुष्कळ मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे, 1800 च्या आसपास पेनसिल्व्हेनियाहून घोड्यांच्या गाड्यांतून आलेले. आपल्याकडचे लोक इथं फिरायला आले की सेंट जेकब्सच्या बाजारात जातात, काळ्या घोडागाडीचा फोटो काढतात आणि घरी पाठवतात, "बघा, इथं अजून लोक गाडी चालवत नाहीत". मीही पाठवला होता. पण घोडागाडीवाले हे त्यांच्यातले जुन्या वळणाचे, बाकीचे तुमच्याआमच्यासारखेच, कार, मोबाइल, नोकरी सगळं असलेले. सगळ्यांची मुळं मात्र एकच, 1525 मध्ये झुरिकला काही लोकांनी ठरवलं की बाप्तिस्मा लहान बाळाचा नाही, मोठं होऊन समजून उमजून घ्यायचा, आणि पुढं त्याच लोकांनी हातात शस्त्र धरायचंही नाकारलं. त्यापायी युरोपात शेकड्यांनी मारले गेले. मी स्वतः लहानपणी बाप्तिस्मा झालेली आणि मला त्यात काही कमी वाटत नाही, पण यांच्याबद्दल आदर वाटतो तो वाटतोच.

आता माझ्या कामाबद्दल. नगरला मी अकरा वर्षं मिशनच्या दवाखान्यात स्टाफ नर्स होते. इथं नर्स म्हणून रजिस्टर व्हायला कागदपत्रं, परीक्षा, पैसे, वेळ, सगळंच लागतं, तोवर घर चालवायला मी एका लाँग टर्म केअर होममध्ये पीएसडब्ल्यू म्हणून लागले. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवणं, अंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं, झोपवणं. आपल्याकडच्या भाषेत आया.

आणि इथंच माझी गोष्ट अडकलेली होती, कारण माझी आई आया होती. त्याच दवाखान्यात 26 वर्षं. ती बेडपॅन धुवायची, मी फ्रॉक घालून व्हरांड्यात अभ्यास करायचे, आणि तिनं दोन बांगड्या मोडल्या त्या माझ्या नर्सिंगच्या फीसाठी. तर मी आईला सांगितलं, "हॉस्पिटलमध्ये आहे". आईनं मंडळीत सांगितलं, माझी मुलगी कॅनडात नर्स आहे, पाळकसाहेबांनी प्रार्थनेत उपकारस्तुती केली. तीन वर्षं मी ते तसंच ठेवलं. दर रविवारी ती विचारायची "ड्यूटी कशी चाललीय" आणि मी म्हणायची "छान".

माझ्या मजल्यावर एक आजी आहेत, वय 91, मेनोनाइट घरातल्या, आयुष्यभर एल्माय्राजवळ दूधदुभत्याची शेती केलेली. एल्माय्रा म्हणजे आमच्यापासून 20 मिनिटांवरचं छोटं गाव, दुकानांबाहेर घोडागाड्या बांधायला अजून जागा ठेवलेल्या असतात. आजींच्या खोलीत क्रूस नाही, चित्र नाही, एक बायबल आणि गाठी मारलेली एक गोधडी. हो, गोधडीच, अगदी आपली वाटते, जुन्या कापडाचे चौकोन जोडून मधे मधे दोऱ्याची गाठ. त्यांच्या चर्चच्या बायका दर आठवड्याला बसून अशा गोधड्या बांधतात आणि त्या एमसीसीमार्फत, म्हणजे मेनोनाइट सेंट्रल कमिटी, सीरियापासून युक्रेनपर्यंत निर्वासितांकडं जातात. ही संस्थाच 1920 मध्ये युक्रेनकडच्या दुष्काळातून उभी राहिली. आणि 1979 मध्ये व्हिएतनाम, लाओसकडून लोक जीव घेऊन पळत होते तेव्हा निर्वासितांना आणून त्यांची जबाबदारी घेण्याचा करार कॅनडा सरकारशी सगळ्यात आधी यांनीच केला. आजी यातलं काही भाषण म्हणून सांगत नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या की आमच्या शेतावरच्या घरात एक लाओसचं कुटुंब सात महिने होतं, त्यांना थंडी फार वाजायची, म्हणून गोधड्या कमी पडल्या. बस.

त्यांना भारतात मुंबई-पुणं फारसं माहीत नाही, पण धमतरी माहीत आहे! छत्तीसगडमधलं. 1899 मध्ये दुष्काळात यांचे मिशनरी तिथं गेले, दवाखाना अजून आहे, आणि यांच्या चर्चमधलं कोणी ना कोणी तिथं जाऊन आलेलं. मी सांगितलं आमच्याकडं नगरला अमेरिकन मिशन 1831 पासून, तर आजी खूश, जणू मी शेजारच्या आळीतली निघाले.

पहिल्या वर्षीच्या ईस्टरच्या आधी आजींच्या मुलीनं मला त्यांच्या चर्चला बोलावलं, गुरुवारी संध्याकाळी. आपल्याकडं त्या गुरुवारी प्रभुभोजन आणि शुक्रवारी दुपारी तीन तास येशूचे क्रूसावरचे सात उद्गार, मला वाटलं तसंच काही असेल. भाकर-द्राक्षरस झाल्यावर एकदम खुर्च्या सरकवल्या, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि प्लास्टिकचे टब आले. साधे, आपण कपडे भिजवतो तसे. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो ते आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलंय, नाटकातही केलंय. हे लोक ते दर वर्षी खरंच करतात, दोघीदोघींच्या जोड्या करून.

माझ्यासमोर एक रिटायर्ड शिक्षिका आल्या. मी आधी त्यांचे धुतले, त्यात मला काय, रोज सकाळी चार-पाच जणांचे धुते, बोटांमधली जागा कोरडी करायची विसरायची नाही हेही हाताला पाठ. मग त्या माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. सत्तरीच्या असतील. आणि मी पाय मागं घेतला. थंडीनं टाचांना भेगा पडलेल्या, मोजा काढताना लाज वाटली, आणि तुम्हाला खरं सांगते, मोठी झाल्यापासून माझे पाय कोणी धुतले नव्हते, लग्नातसुद्धा नाही, आमच्यात ती पद्धत नाही. त्या थांबल्या, काही बोलल्या नाहीत, हात तसाच पुढं ठेवून वाट बघत राहिल्या. शिष्यांतला पेत्रसुद्धा येशूला आधी नकोच म्हणाला होता ना. मग मी पाय टबात ठेवला. पाणी कोमट होतं, त्यांनी भेगांवरून अंगठा हळूच फिरवला, टॉवेलनं टिपलं, उठून मला मिठी मारली आणि पुढची जोडी आली. घरी येताना बसमध्ये मी रडले. त्या एका बाईनं पाच मिनिटं केलेल्या कामाला मी पवित्र म्हणत होते, आणि तेच काम मी दिवसभर करून आईपासून लपवत होते.

असं वाटलं म्हणून लगेच सुधारले असं नाही. आता मला जे लिहायला जड जातंय ते लिहिते.

मागच्या हिवाळ्यात एका नाइट शिफ्टला आमच्यातली एक जण आजारी, बदली कोणी आलं नाही, मजल्यावर मी एकटीच. ज्यांना स्वतःला कूस बदलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवायचं असतं, नाहीतर एकाच जागी दाब पडून बेडसोअर होतो, आणि वळवलं की चार्टवर टिक करायची. आजी अशाच, कंबरेचं हाड मोडल्यापासून. रात्री 2 ला त्यांना वळवलं. 4 वाजता दुसऱ्या टोकाला एक आजोबा पडले, त्यांच्यात मी गुंतले, नर्सला बोलावलं, मग दोन बेल, मग चादरी, आणि बघते तर 6 वाजत आले. मी आजींना वळवलं, कमरेखाली लाल झालं होतं. आणि चार्टवर 4 च्या चौकोनात टिक केली. अकरा वर्षं नर्स असलेल्या बाईनं, जिला पूर्ण माहीत आहे की खोटा चार्ट म्हणजे काय. दोन दिवसांत लाली गेली. कोणालाही कधीच कळलं नसतं. मी रोज रात्री झोपताना प्रार्थनेत क्षमा मागत होते आणि रोज सकाळी ते परत छातीवर येऊन बसत होतं.

त्याच आठवड्यात चहाच्या वेळी आजींनी एल्माय्राची एक गोष्ट सांगितली, खरी घडलेली, इथं सगळ्यांना माहीत असलेली. 1974 साली गावातल्या दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, काचा फोडल्या, मिळेल ते मोडलं. पोरं पकडली गेली, गुन्हा कबूल. प्रोबेशन ऑफिसर मेनोनाइट होता, त्यानं न्यायाधीशांना सुचवलं, या पोरांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात पाठवा. कायद्यात असं काही नव्हतं, तरी न्यायाधीशांनी ऐकलं. मग ती दोघं एकेक दार वाजवत गेली, मीच तो, मी तुमची काच फोडली, किती नुकसान झालं सांगा. ऑफिसर मागं वही घेऊन उभा. काही महिन्यांत पोरांनी ठरलेले पैसे भरले. त्यातून किचनरला असा कार्यक्रमच सुरू झाला आणि आज जगभर त्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात, मोठमोठ्या कॉलेजांत शिकवतात. आजी तेव्हा तिथंच राहायच्या. म्हणाल्या, "लोकांना ती पोरं राक्षस वाटायची, रात्री कड्या लावून झोपायचे. दारात आली तर नुसती घाबरलेली पोरं होती."

माझा चहा गार झाला. मी देवाकडं क्षमा मागत होते, कारण तो दार वाजवायला लावत नाही असं मला वाटत होतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात तर ते सरळ लिहिलंय, वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी जा, भावाशी समेट कर. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ करून मला बक्षीससुद्धा मिळालेलं.

दुसऱ्या दिवशी चार्ज नर्सकडं गेले आणि सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं, मग रिपोर्ट लिहिला, मला लेखी वॉर्निंग मिळाली, ती फाइलला आहे आणि पुढं नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनला विचारलं तर मला ती सांगावी लागेल. हे मी लपवत नाही कारण काही जण म्हणतात खरं बोललं की देव सगळं सुरळीत करतो. माझं तर थोडं अवघडच झालं. तरी त्या रात्री झोप लागली.

मग आजींकडं गेले. खुर्ची ओढून बसले, सांगितलं, त्या रात्री 4 वाजता मी तुम्हाला वळवलं नाही आणि वळवलं असं लिहिलं. त्या बराच वेळ खिडकीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे. मी जागी होते. इथून घड्याळ दिसतं."

मी विचारलं, मग बेल का नाही दाबली, तक्रार का नाही केली?

"तुझी पावलं ऐकू येत होती, पळत होतीस. तो माणूस पडल्याचाही आवाज आला. मी त्याच्यासाठी प्रार्थना करत होते." मग थोड्या वेळानं, "दुखत मात्र होतं." हे त्यांनी सांगितलं याचं मला फार वाटतं. काही नाही गं, चालतं, असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं नाही. दुखलं होतं ते दुखलं म्हणाल्या आणि माझा हात धरला.

राहिली आई. पुढच्या रविवारी कॉल आला, प्रश्न तेच. मी म्हटलं, "आई, मी इथं नर्स नाहीये. आयाचं काम करते. पहिल्यापासून." तिकडून आवाज नाही, मला वाटलं नेट गेलं. चहाचा कप तसाच हातात. शेजारच्यांचा कुकर ऐकू येत होता. मी एकेक सांगत गेले, नाइट शिफ्ट, चार्ट, वॉर्निंग, आजी, सगळं, आणि सांगता सांगता म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.

"मला कशाचं वाईट वाटंल?" आई म्हणाली. "खोटं बोललीस त्याचं वाटलं. मंडळीत मी सांगीन आता, त्यात काय." मग कप खाली ठेवून फोनच्या इतकी जवळ आली की नुसतं कपाळ दिसायला लागलं. "त्या बाईंना आता कसंय? लाल होतं ते गेलं? आणि कुशीवर घेतेस तेव्हा टाचा कुठं टेकतात?"

मी म्हटलं, गादीवर.

"हां, मग तिथं. सगळे कमरेकडं बघतात, टाचेकडं कुणी बघत नाही. पोटरीखाली उशी घाल लांबट, टाच अधांतरी राहिली पाहिजे, बोट फिरवून बघ खालून. आमच्या वॉर्डात मी एकाचीबी टाच काळी पडू दिली नाही."

सोमवारी रात्री शिफ्टवर गेले तर कपाटात लांबट उशी नव्हती. दोन टॉवेल गुंडाळले, आजींच्या पोटऱ्यांखाली सरकवले आणि टाचेखालून बोट फिरवून बघितलं. 2 वाजले होते, टिक केली आणि पुढच्या खोलीत गेले.