शहरातील वॉरंट कोणी बजावायचे?

फौजदारी न्यायालयाने काढलेले अटक वॉरंट शहरात बहुधा आरोपीचा पत्ता ज्या हद्दीत येतो त्या पोलीस ठाण्याकडे जाते. तेथील अंमलदार बंदोबस्त आणि तपासातून सवड काढून त्या घरी जातो, तेथे दुसरेच भाडेकरू राहत असल्याचे पाहतो आणि ‘सदर इसम नमूद पत्त्यावर मिळून आला नाही’ असा अहवाल जोडून वॉरंट परत पाठवतो. पुढची तारीख पडते, आणि पुन्हा निघालेले वॉरंट त्याच ठाण्यात येऊन पडते. याला मी कामचुकारपणा म्हणणार नाही; तो इसम गेला कोठे, हे शोधण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आलेले नसते.

फौजदारी कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मात्र हद्दीचे एवढे बंधन नाही. कलम ७९ प्रमाणे वॉरंट देशात कोठेही बजावता येते आणि कलम ७२ प्रमाणे ते बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालयाने रद्द करेपर्यंत अमलात राहते. त्यामुळे अजामीनपात्र वॉरंटे ठाण्यांकडून काढून घेऊन पोलीस आयुक्तालयाच्या स्वतंत्र पथकाकडे द्यावीत, आणि त्या पथकाच्या प्रमुखाने प्रलंबित वॉरंटांचा हिशेब वरिष्ठांबरोबरच न्यायालयालाही द्यावा, असे माझे मत आहे. (आरोपीची ठाण्यात ओळख असल्यास वॉरंटाची बातमी त्याच्यापर्यंत आधी पोहोचण्याची शक्यताही त्यामुळे कमी होईल.)

जामीनपात्र वॉरंटासाठी पोलिसांची गरज आहेच का, याविषयी मला शंका आहे. तेथे बंधपत्र आणि जामीनदार घेऊन माणसाला सोडायचेच असते. दिवाणी समन्स बजावणाऱ्या बेलिफासारखा न्यायालयाचा प्रशिक्षित कर्मचारी हे करू शकेल. अर्थात त्यासाठी कलम ७४ बदलावे लागेल, कारण बजावणी तातडीची असून पोलीस अधिकारी लगेच उपलब्ध नसेल तरच न्यायालय इतर व्यक्तीच्या नावे वॉरंट काढू शकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ च्या कायद्याने मॅजिस्ट्रेट न्यायालयांची काही वॉरंटे बजावण्याचा अधिकार पोलीस नसलेल्या अधिकाऱ्यांना दिला. त्याच कायद्याने मान्यताप्राप्त खासगी संस्थांनाही वाट करून दिली, ती मात्र आपण उचलू नये. अटकेचा अधिकार आणि नगामागे मिळणारी फी एकाच हाती असणे मला धोक्याचे वाटते. बेलिफाला विरोध होण्याची भीती असेल, तर त्याच्या लेखी मागणीवरून ठाण्याने सोबत अंमलदार द्यावा. बजावणीचा अहवाल मात्र बेलिफानेच सादर करावा.